बावीस जानेवारीचं पहिलं कुंकू

हौसाबाईचा जन्म भर दुपारी काळोख पडला तेव्हाचा. ही काही बोलायची तऱ्हा नव्हे. पौषातली अमावास्या, त्यात शनिवार, आणि त्यात सूर्याचं खग्रास ग्रहण. अपशकुनाने आपले सगळे सोयरे एकाच दिवशी जेवायला बोलावले होते म्हणा ना! विजयदुर्गच्या खाडीकाठच्या बंदरवाडीत त्या दुपारी दारं-खिडक्या बंद झाल्या. पाण्यात तुळशीची पानं पडली. पोटुशा बायकांना आतल्या खोलीत आडवं करून बजावलं गेलं की हलायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, आणि वर तर मुळीच बघायचं नाही. सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते एका हौसाने. ग्रहण सुटेपर्यंत दोन घटका धीर धरेल तर ती हौसा कसली! रात्र झाली समजून कोंबड्या खुराड्यात शिरल्या, आणि ही बाहेर आली.

सुईण होती तुळसा. तिची त्या दिवशी दुहेरी धांदल. तासाभरापूर्वीच, सूर्याचा पहिला लचका तुटत होता तेव्हा, मोहल्ल्यात हवाबीला मुलगा झाला होता. त्याला पुसून आईच्या कुशीत देतेय न देतेय, तोच इकडून बोलावणं. अख्ख्या वाडीत चिटपाखरू बाहेर नव्हतं आणि ही बाई त्या दुपारच्या काळोखातून पदर खोचून धावत आली. हवाबीचा तो मुलगा म्हणजे याकूब. पुढे मोठा तांडेल झाला, मालाचा मचवा घेऊन मुंबईपर्यंत जायचा. एका तासाच्या वडीलकीवर तो हौसाला जन्मभर 'धाकटे' म्हणत आला.

गंमत बघा, याकूबला त्या ग्रहणाने काहीच केलं नाही. "गिराण तेंका लागणा नाय," असं बायका अगदी खात्रीने सांगायच्या, जसा काही सूर्य घर बघून काळा होतो. हौसा मात्र 'गिराणातली हौसा' झाली ती झालीच.

तिला कोणी वाईट वागवलं असं नाही हां. सासरही त्याच वाडीत, चार माडांपलीकडे. नवरा गंगाराम देवमाणूस. पण शुभकार्य आलं की हौसा मागे. हळद दळायला पहिली मूठ दुसरीची, पाळण्याच्या दोरीला पहिला हात दुसरीचा, नवी होडी पाण्यात लोटायची तर तिला पहिलं कुंकू दुसऱ्या सवाष्णीचं. "हौसा, तू आत चुलीकडे बघ गो बाय, तुज्यासारखी आमटी कोणाक जमता?" असं म्हणायचं आणि तिला सारायचं. आमटी तिची खरंच नामी, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. गोड बोलून मागे सारलेल्या माणसाला भांडताही येत नाही.

गंगाराम आपला हसण्यावारी न्यायचा. "माका तर लग्नाच्या दिसाकच गिराण लागलां," तो चारचौघांत म्हणायचा, "तां आजून सुटाक नाय!" हौसाबाई त्याच्यावर डोळे वटारायची आणि चुलीकडे तोंड करून हसायची. अशी चाळीस वर्षं गेली.

मग १९५८ सालचा जानेवारी आला आणि बाबूची होडी पुरी झाली.

बाबू तिचा एकुलता एक मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढली, आणि आता स्वतःची होडी. बंदरावरच्या माडांखाली दीड वर्ष ती उभी राहत होती. सुतार फळ्या जोडायचा आणि हौसाबाई त्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायची, वरून माशाचं तेल चोपडायची. तिच्या हातांना त्या तेलाचा वास असा बसला होता की मांजरं मागे यायची. "अर्धी होडी आयेन बांधल्यान," असं बाबू सगळ्यांना सांगायचा.

भटजींनी दिवस दिला. माघ लागल्यावरचा पहिला बुधवार, दुपारची भरती. आता राहिलं पहिलं कुंकू. त्यात विचारायचं काय? गंगारामची थोरली बहीण यशोदा होती ना! वाडीतल्या एकवीस होड्यांना तिने पहिलं बोट लावलं होतं आणि त्यांतली एकही बुडाली नव्हती. हे तीच सांगायची, पण खरं होतं.

जामसंड्याच्या बाजारातून हौसाबाईने नवं कुंकू आणवलं, पितळी कुयरी चिंचेने घासून लख्ख केली, कुंकू तिच्यात भरलं आणि देवापुढे ठेवलं. वन्संना द्यायचं म्हणून.

"तुकाच लावूचां आसा मां?" एकदा गंगारामने हळूच विचारलं.

"माका? माका काय येड लागलांहा?"

"मगे ती कुयरी दिसातून चार वेळा उघडून काय बघतंस?"

हौसाबाईने पाठ फिरवली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं ते दाखवायचं नव्हतं. तिला काय हवं होतं? सोनं नको, लुगडं नको. पोटच्या पोराच्या होडीला पहिलं बोट आईचं लागावं, एवढंच. पण तोंड उघडून मागायचं, आणि उद्या होडीला काही झालं तर? साठ वर्षं लोकांनी ऐकवलं की माणूस शेवटी स्वतःही थोडं मानतंच.

इथे आता दत्ताराम येतो. दत्तारामने तीस वर्षं मुंबईच्या एका छापखान्यात खिळे जुळवले आणि निवृत्त होऊन वाडीत परतला, तो दोन ट्रंका भरून जुनी वर्तमानपत्रं आणि पंचांगं घेऊन. लग्न केलं नव्हतं. तारखांशीच त्याचा संसार. बंदराच्या नाक्यावर त्याने वाचनालय काढलं आणि बाहेर एक काळा फळा टांगला. रोज सकाळी त्यावर 'आजचा दिवस' लिहायचा. कोण राजा गादीवर बसला, कोण मेला, कुठलं यंत्र निघालं, कोण थोर माणूस जन्माला आलं. आणि सगळ्यात खाली, तितक्याच सुबक अक्षरात, वाडीतले वाढदिवस.

आधी लोक हसले. मग एके दिवशी धोंडूचं नाव रोमच्या बादशहाखाली लागलं. धोंडू संध्याकाळपर्यंत फळ्याशेजारी उभा राहिला, न जाणो कोणाचं वाचायचं राहून गेलं तर! तेव्हापासून वाडीला नुसतं खूळ लागलं. पण तारीख माहीत होती कोणाला? कोणी होळीच्या तिसऱ्या दिवशी जन्मलेला, कोणी मोठ्या वादळाच्या साली, कोणी फणस पिकले तेव्हा. दत्ताराम प्रत्येकाला समोर बसवून वकिलासारखे प्रश्न विचारायचा, पंचांगं चाळायचा आणि तारीख काढून द्यायचा. शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे एका वर्षात तारीखवाले झाले.

मार्गशीर्षात तो हौसाबाईच्या पडवीवर येऊन बसला. "वयनी, वाडयेत आता तुमची आणि याकूबाची तेवढी तारीख रवली."

"माजो दिस फळ्यार नको, भावजी."

"कित्याक?"

"गिराणातलो दिस कोण लिवता? लोक फळ्याखालसून जाऊचे नाय."

तो उठेना. चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्या वेळात त्याने बोलता बोलता सगळं काढून घेतलं. साठ वर्षं झाली असतील. भर दुपार होती. आणि म्हणे तेव्हा पलीकडे विजयदुर्गच्या किल्ल्यावर गोरे साहेब आले होते, लांब लांब नळ्या लावून सूर्याकडे बघत होते.

"ह्यां तुमका कोणी सांगल्यान?"

"तुळसाबायन. माका हातात घेतलेल्या सुयणीन." हौसाबाई जराशी हसली. "मी आठ-धा वर्सांची आसतलंय. कोणाच्यातरी हळदीक माका मागे सारल्यानी म्हणान रडत घराक जाय होतंय. वाटेत तुळसाबाय गावली. म्हणाक लागली, 'चेडवा, रडतंस कित्याक? त्या दिसाक सगळी दारां लावन बसली. भायर मी एकटी. तुज्या आवशीकडे धावताना मी वर बघलंय. सूर्याच्या जाग्यार काळी टिकली, आणि तिच्याभोवती चांदीची झालर. तसां सुंदर मी परत कदी बघूक नाय. आणि तेवढ्यात तू इलंस.' पोराक गप करूक बिचारी कायतरी बोलली. म्हातारी माणसां सांगतत तशी."

दत्ताराम ताडकन उठला आणि चहा न घेता चालू पडला. बंदरवाडीच्या इतिहासात आधण चढलेलं असताना उठून गेलेला तो पहिला माणूस.

त्याने मुंबईला जुन्या छापखान्यातल्या सोबत्याला पत्र घातलं. उत्तर यायला महिना लागला. मंगळवारी संध्याकाळी पोस्टमनने लखोटा दिला, आणि तो वाचून दत्ताराम आनंदाने खुर्चीवरून पडायचाच राहिला. तारीख निघाली ती उद्याचीच! होडीचा आणि आईचा एकच दिवस. याहून मोठा योग कुठला, असं त्या भल्या माणसाला वाटलं. तीस वर्षं खिळ्यांत घालवलेल्या माणसाला बायकांच्या शकुन-अपशकुनातलं कळणार तरी काय?

बुधवारी सकाळी फळा झळकला. नाक्यावर गर्दी जमली आणि धोंडूने खड्या आवाजात वाचायला घेतलं:

"आजचा दिवस, बावीस जानेवारी. सोळाशे सहासष्ट, बादशहा शहाजहान यांचा मृत्यू. अठराशे अठ्ठ्याण्णव, खग्रास सूर्यग्रहण; ते पाहण्यासाठी विलायतेचे शास्त्रज्ञ आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर आले. एकोणीसशे एक, राणी व्हिक्टोरिया यांचा मृत्यू. जन्म, अठराशे अठ्ठ्याण्णवच्या ग्रहणसमयी: श्री. याकूब तांडेल आणि सौ. हौसाबाई गंगाराम. साठ वर्षे पूर्ण."

यशोदा तेव्हाच पूजेसाठी नारळ घेऊन बंदराकडे निघाली होती. ती ऐकून जागच्या जागी थांबली. बोटांवर हिशेब घालायला लागली.

"बादशा मेलो. राणी मेली. सूर्य काळो झालो. आणि ह्याच दिसाक आमची होडी?" तिने नारळ कडेवर घेतला. "मी आज कुंकू लावचंय नाय."

झालं! यशोदा नाही म्हणाली म्हटल्यावर बाकीच्या सवाष्णी दोन पावलं मागे. भटजींना बोलावलं. ते म्हणाले, "मी तिथी बघितली. तिथी स्वच्छ आहे. इंग्रजी तारखेचं माझ्याकडे नाही, ते दत्तारामाला विचारा." पुढचा चांगला दिवस पंधरवड्यानंतर. इकडे खाडीचं पाणी चढायला लागलेलं. बाबू होडीला टेकून उभा, तोंड एवढंसं झालेलं.

हौसाबाई घरी जेवणाच्या तयारीत होती. पन्नास माणसांची आमटी, खोबरं वाटायला घेतलेलं. कोणीतरी धावत येऊन सांगितलं आणि ती हातातलं तसंच टाकून उठली. बंदराच्या वाटेवर तिच्या मनात एकच, तो फळा काढायचा आणि त्याच दत्तारामाच्या डोक्यात घालायचा. आपलं कुंकू राहिलं ते राहिलंच, आता पोराची होडीही राहिली. साठ वर्षं ती मागे राहिली होती ती कोणाला आपली झळ लागू नये म्हणूनच ना? आणि याने तिला भर नाक्यावर टांगली!

"भावजी!" तिचा आवाज ऐकून गर्दी फाटली. "मी तुमचां काय वायट केलंय?"

दत्तारामचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याने खिशातून ते पत्र काढलं. "वयनी, ह्यां ऐका. एवढां ऐका, मगे माका काय तां करा." आणि त्याने वाचलं. सोबत्याने जुन्या वर्तमानपत्रातून उतरून पाठवलेलं:

"ग्रहण पाहण्याकरिता शास्त्रज्ञ मंडळी आधीपासूनच किल्ल्यावर तळ देऊन राहिली होती. पाऊण वाजण्याच्या सुमारास सूर्यबिंब पूर्ण झाकले गेले. भर दुपारी तारे दिसू लागले. काळ्या बिंबाभोवती रुपेरी झालर पसरली. अवघी दोन मिनिटे हा देखावा टिकला. पाहणाऱ्यांचे भान हरपले."

"काय पसारली?" हौसाबाईने विचारलं.

"रुपेरी झालर."

"म्हणजे चांदीची?"

"चांदीची, वयनी."

हौसाबाई मटकन नाक्यावरच्या पायरीवर बसली. तुळसाबाय खोटं बोलली नव्हती. पोराला गप्प करायला काहीतरी सांगितलं नव्हतं. म्हातारीने खरंच बघितलं होतं, आणि जे बघितलं ते जसंच्या तसं हौसाच्या ओटीत टाकलं होतं. हौसानेच ते पन्नास वर्षं थाप समजून बाजूला ठेवलं. तिला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही यायला लागलं.

"ते सायब खंयसून इले?"

"सात समुद्रापलीकडसून."

"वायट बघूक इतक्या लांबसून येतत?"

"वायट कसलां! तसां सुंदर परत बघूक गावाचां नाय म्हणान."

"आणि आमच्या वाडयेन काय केल्यान?"

"दारां लावन बसली!" मागून याकूब तांडेल गरजला. होडी लोटायच्या दोरांची वेटोळी खांद्यावर घेऊन तो केव्हापासून उभा होता. "अगो यशोदाबाय, मी त्याच गिराणातलो. साठ वर्सां झाली. माजो मचवो कदी बुडालो?"

"तुमका तां लागणा नाय," यशोदा म्हणाली.

"मगे माजो सूर्य वायलो आणि हिचो वायलो? सांग बघूया, माजो खंयचो तो. संध्याकाळी मावळताना सलाम तरी करीन!"

लोक खो खो हसले. हसण्यात निम्मी भीती वाहून जाते म्हणतात, ते खोटं नाही. हौसाबाई उठली, पदर खोचला आणि नणंदेसमोर उभी राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच अशी समोर.

"वन्सं, तुमी इंग्रजी तारीख कदीपासून पाळूक लागलात? तुमची चतुर्थी तिथीन, एकादस तिथीन, श्राद्धां तिथीन. तिथीन बघशात तर माजो दिस अमाशेक रविवारीच होवन ग्येलो. तेव्हा कोणाचां काय वाकडां झालां? आणि आज तारीख मानूची तर सगळी माना. सायब इले तां माना, झालर माना, आणि ह्यो समोर उभो आसा तो याकूबय माना!"

यशोदेने फळ्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माका बाबूची भीती वाटता गो हौसा. एकच भाचो माजो."

"माका वाटणा नाय? माजो तर झील."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढ्यात बाबू होडीपासून सुटून गर्दीत आला. त्याने आईचा हात धरला, कापूस ठासून ठासून घट्टे पडलेला.

"आये, कुंकू तू लाव. तू लावूचंस नाय तर होडी हयच कुजांदे. पंधरवड्यान नको, आणि दुसऱ्या कोणाचां बोटय नको."

पाणी होडीच्या बुडापासून चार हातांवर आलं होतं. सगळ्यांचे डोळे यशोदेवर.

यशोदेने नाक मुरडलं. "मगे बघतंस काय? पयले हात धू. माशाच्या तेलाचो वास मारता. असल्या हातान कोण कुंकू लावता?"

आणि होडीशी येऊन तिने स्वतः पूजेची कळशी तिरकी केली. हौसाबाईने हात धुतले. गंगाराम केव्हा घरी गेला होता आणि केव्हा परतला कोणाला कळलं नाही, पण कुयरी त्याच्या हातात होती. धापा टाकत होता म्हातारा.

होडीचं पुढचं उभं टोक हौसाबाईच्या कपाळाइतक्या उंचीवर आलं. तिथल्या सांध्यात कापूस तिनेच भरला होता. तिने कुंकवात बोट बुडवलं. घाईत पहिल्यांदा निम्मं वाळूत सांडलं. "सावकाश गो," यशोदा मागून म्हणाली. हौसाबाईने डावा हात होडीवर टेकला, श्वास घेतला आणि बोट लावलं. नव्या लाकडावर कुंकू लालभडक उठून दिसलं. ती बघतच राहिली. आपण लावलं यावर तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने हळूच पुन्हा एकदा बोट टेकवून बघितलं.

आणि तेवढ्यात याकूब तांडेलने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, ग्रहणाच्या दिवशी दान मागणारे ठोकतात तीच:

"दे दान, सुटे गिराण!"

मग काय विचारता! सगळं बंदर ओरडायला लागलं. "दे दान, सुटे गिराण!" पोरं नाचायला लागली, बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, भटजींनीसुद्धा मंत्र अर्धवट सोडून एकदा म्हणून घेतलं. यशोदेने नारळ असा आपटला की पाणी धोंडूच्या अंगावर. तीस माणसांनी खांदे लावले, होडीखालचे ओंडके कुरकुरले, आणि होडी सरसरत जाऊन पाण्यात बसली. जरा डाव्या अंगाला कलली. मग ती सरळ झाली आणि डुलायला लागली.

"धाकटे," याकूब हौसाबाईच्या कानाशी येऊन म्हणाला, "तासभर आदी जल्माक इलंय तां ह्याच कामाक. आरोळी मारूक."

"गप रव, मेल्या!" हौसाबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. पुसता पुसता कुंकू गालाला लागलं ते दिवसभर तसंच राहिलं.

गंगाराम शेजारी येऊन उभा राहिला. "वाडयेचां सुटलां," तो हळू आवाजात म्हणाला. "माजां मात्र सोडू नको हां."

संध्याकाळी ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा हौसाबाई नाक्यावरून घरी चालली होती. दत्ताराम फळ्यासमोर खडू घेऊन उभा होता. तिला बघून ओशाळला, बाजूला सरकला. फळ्यावर राणी व्हिक्टोरियाच्या खाली एक नवी ओळ आली होती.

"काय लिवलात आणि?" तिने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

दत्तारामने छापील मराठीत, सावकाश वाचून दाखवलं: "एकोणीसशे अठ्ठावन्न. बाबू गंगाराम यांची होडी पाण्यात. पहिले कुंकू, मातोश्री हौसाबाई."

"माजां नाव खंयचां?"

त्याने दाखवलं. तिने जवळ जाऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. एवढासा तो शब्द, पण वर एक बादशहा, एक सूर्य आणि एक राणी.

"उद्या ह्यां पुसतल्यात?"

"पुसूक व्हया, वयनी. उद्या तेवीस तारीख. उद्याचे मानकरी वायले."

हौसाबाईने विचार केला. "फुडल्या वर्साक परत लिवतल्यात मां?"

"मी आसय तवसर दर वर्साक."

"मगे पुसा," ती म्हणाली आणि झपझप चालायला लागली. उशीर करून चालणार नव्हतं. आज "हौसा, तू फुडे बस, मी मागे चुलीकडे बघतंय," असं म्हणून यशोदेने पन्नास माणसांची आमटी आपल्या हातात घेतली होती, आणि वन्संचा हात मिठाला फार सढळ.